वैमानिकाची मुलाखत आणि थळचा वारा

दुपारी थळच्या किनाऱ्यावर गेलात, तर होड्यांवरचे बावटे पाहा. ते बहुधा जमिनीच्या दिशेने फडकताना दिसतील. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घेते. हाच खारा वारा. भूगोलात शिकलेला हा धडा वैमानिकाच्या मुलाखतीतही उपयोगी पडतो.

मुलाखतीस येणाऱ्या उमेदवाराजवळ व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असतो. त्यासाठी त्याने किमान २०० तास उड्डाण केलेले असते आणि हवामान, दिशाज्ञान यांसारख्या विषयांच्या परीक्षा दिलेल्या असतात. मग आणखी काय पाहायचे? शिकलेले ज्ञान ऐनवेळी वापरता येते का, हे!

समजा, तुम्हाला विचारले, "वारा पश्चिमेचा आहे. मुंबईला कोणत्या धावपट्टीवर उतराल?" विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. त्यामुळे जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग कमी होतो व ते थोड्या अंतरात थांबते. पश्चिम म्हणजे २७० अंश. त्यातील शेवटचे शून्य गाळा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाचा क्रमांक २७ आहे, तो असा. उत्तर मिळाले!

आता थोडे गणित. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे १,००० फूट उतरायला सुमारे ३ सागरी मैल लागतात. (१ सागरी मैल = १.८५२ किलोमीटर.) विमान ३३,००० फुटांवर असेल, तर उतरण्यास कोठे सुरुवात करावी? ३३ × ३ = ९९ सागरी मैल, म्हणजे सुमारे १८३ किलोमीटर आधी! मुंबईचा विमानतळ थळच्या उत्तरेस सरळ रेषेत सुमारे २४ सागरी मैलांवर आहे. तेवढेच अंतर उरले असता विमान किती उंचीवर हवे? कागद न घेता सांगा.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र गणिताचा नसतो. "कॅप्टन चुकत आहे असे वाटले, तर सहवैमानिक म्हणून तुम्ही काय कराल?" २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती; पण कॅप्टनने उड्डाण थांबवले नाही. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा विषय आला : शंका स्पष्ट शब्दांत सांगणे आणि वरिष्ठाने ती ऐकून घेणे.

या विषयाचा सराव वर्गातच करता येतो. फळ्यावरच्या गणितात चूक दिसली, तर नम्रपणे उभे राहा आणि म्हणा, "सर, तिसऱ्या पायरीत मला शंका आहे." आणि शिक्षकहो, त्या विद्यार्थ्याला खाली बसवू नका. त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.