भरतीच्या पातळीखालची राजधानी : जॉर्जटाऊनमध्ये काय पाहाल?

२०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारताने इंग्लंडला हरवले, ते प्रोव्हिडन्स मैदान गयानाची राजधानी जॉर्जटाऊनजवळच आहे. हे शहर भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसले आहे. मग ते बुडत का नाही? उत्तर शहरात फिरतानाच मिळते.

समुद्रभिंत : अटलांटिकला अडवणारी एकोणिसाव्या शतकातली भिंत. रविवारी संध्याकाळी इथे हवा खायला गर्दी होते.

कोकर : कालव्यांच्या तोंडावरचे दरवाजे. ओहोटीला उघडून शहरातले पाणी बाहेर सोडतात, भरती आली की बंद करतात. जानेवारी २००५ च्या अतिवृष्टीत ही व्यवस्था अपुरी पडली आणि शहरासह किनारपट्टी पाण्याखाली गेली.

स्टाब्रोक बाजार : १८८१ ची लोखंडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा.

सेंट जॉर्ज कॅथेड्रल : लाकडात बांधलेले उंच चर्च.

काइटूर धबधबा : छोट्या विमानाने सुमारे तासाभरावर. पाणी २२६ मीटरवरून थेट खाली कोसळते.

कधी जाल? मे ते जुलै आणि डिसेंबर-जानेवारी हे पावसाचे महिने टाळा. समुद्राची पातळी वाढते आहे, तशी ओहोटीला पाणी सोडण्याची वेळ कमी होत जाणार. त्यामुळे इथला कोकर नुसता फोटोपुरता पाहू नका. अख्खे शहर त्याच्या भरवशावर आहे.