पांदण, जिप्सी आणि पेट्रोलचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात फोर बाय फोर घ्यायला निघालेला माणूस दोन गोष्टी विचारतो. एक, ॲव्हरेज किती देते? दुसरी, पावसाळ्यात वावरापर्यंत जाते का? पहिल्या प्रश्नाला शोरूममध्ये उत्तर मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही. खरं तर दुसऱ्याचं उत्तर कळल्याशिवाय पहिल्याला अर्थच येत नाही. पेट्रोलची फोर बाय फोर ‘पिते’ असं आपण सरसकट म्हणतो. ती कुठं पिते आणि कुठं पीत नाही, याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो. तो मांडायचा म्हणून हा लेख.

सुरुवात पांदणीपासून करू, कारण फोर बाय फोरची खरी गरज तिथंच आहे. सरकारी कागदावर ‘पाणंद’ लिहितात, आपल्याकडे बोलताना पांदण. दोन धुऱ्यांच्या मधून वावरांकडे जाणारी, बंडीच्या चाकोऱ्या पडलेली वाट. आपली काळी कापसाची माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी टणक असते. दोन दिवसांची झड लागली की तिचं रूप पालटतं. टायरच्या खाचा वीस-पंचवीस पावलांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत होऊन नुसतं फिरतं. थोडं पुढं गेलं की मडगार्डात माती इतकी ठासून बसते की चाकच जाम होतं. अशा एका श्रावणात मी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या जिप्सीत बसलो होतो. पांदणीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेले हब हातानं फिरवून लॉक केले, परत येऊन गिअरशेजारची लहान दांडी मागं ओढली आणि काही न बोलता निघाला. एक किलोमीटर जायला दहा मिनिटं लागली. वावरात पोचल्यावर त्यानं विळ्यानं मडगार्डातली माती काढली. ते ढेकूळ दोन हातांत मावत नव्हतं.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचं तर, एक टन वजनाची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर हळू चालती ठेवायला दहा-पंधरा किलो वजनाएवढा जोर पुरतो. तीच गाडी मऊ चिखलातून ओढायला शंभर ते दोनशे किलोंचा जोर लागतो. म्हणजे दहा पटींच्या वर. पांदणीत ॲव्हरेज कोसळतं ते या चिखलामुळं, दांडी ओढल्यामुळं नाही. उलट मागच्या दोनच चाकांवर जोर टाकला तर ती जागच्या जागी फिरतात, मीटर पुढं सरकतो, पेट्रोल जळतं आणि गाडी तिथंच रुतते. जोर चार चाकांत वाटला गेला की घसरण कमी होते आणि जळालेल्या थेंबातला अधिक भाग पुढं जाण्याच्या कामी येतो. लो रेंज टाकली की चाकाच्या एका फेऱ्यामागं इंजिन जवळपास दुप्पट फिरतं. पण क्लच अर्धवट दाबून घासत नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

या मातीतून माणसं आणि माल नेणारं मूळ वाहन बैलबंडी. उंच, अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतं. तिला जुंपायला आर्वी-कारंजाकडचा गवळाऊ बैल, अंगानं हलका आणि पायानं चपळ. सेवाग्रामच्या आठवणींमध्ये एक गोष्ट सांगितली जाते. जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपले गेले आणि गांधीजींच्या भोवतालच्या मंडळींनी तिला ‘ऑक्सफर्ड’ असं नाव दिलं. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढं फोर्ड. ही गोष्ट हसून सोडून देतात. मला ती त्या काळच्या रस्त्यांची नोंद वाटते.

याच वर्ध्यात, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा राहत होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम ते इथून पाहत. पुढं जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ लिहिलं. त्यांनी साधनांचे दोन प्रकार केले होते. एक, वाहत्या पाण्यासारखी दरवर्षी नव्यानं येणारी, आणि दुसरी, साठ्यातली, जी काढली की तेवढी कमी होतात. लाकूडफाटा पहिल्यात, कोळसा आणि खनिज तेल दुसऱ्यात. गाडीच्या ॲव्हरेजचा विचार करताना मला ही विभागणी फार उपयोगी पडते. साठ्यातली वस्तू खर्चायची तर ती ज्या कामाला दुसरा इलाज नाही त्या कामाला खर्चावी.

स्वातंत्र्यानंतर गावागावांत पोचलेली पहिली फोर बाय फोर म्हणजे जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीनं विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर जीप म्हणजे बीडीओ साहेबांची गाडी, ही ओळख पक्की झाली. ती पेट्रोलवर चालायची. युद्धकाळातल्या विलीजचं इंजिन सुमारे २.२ लिटरचं, ताकद ६० अश्वशक्ती आणि कॉम्प्रेशन जेमतेम साडेसहाला एक. त्या वेळचं हलक्या प्रतीचं पेट्रोल चालावं म्हणून कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं. पण कॉम्प्रेशन कमी म्हणजे पेट्रोलमधली उष्णता कामात कमी उतरणार आणि धुराड्यातून जास्त वाया जाणार. आजच्या इंजिनांत हाच आकडा दहाच्या वर असतो.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोलची जीप सरकारलाही परवडेना. १९७५ च्या सुमारास महिंद्रनं ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवून डिझेल जीप आणली, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात जीप म्हणजे डिझेल हेच समीकरण राहिलं. लष्कर मात्र पेट्रोलवर टिकून होतं. त्यांच्याकडे जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनणारी जोंगा होती, सहा सिलिंडरची, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली. ती तहानलेलीच असणार. आपल्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार असल्यामुळं लष्करी गाड्या त्या भागातल्या लोकांच्या नजरेखालच्या आहेत.

मग १९८५ च्या डिसेंबरमध्ये मारुतीची जिप्सी आली. इंजिन अवघं ९७० सीसी, ताकद ४५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. जीपच्या निम्म्याहून लहान इंजिनात चारही चाकं फिरवायची हा विचार आपल्याकडे नवा होता. १९९६ ला १३०० सीसीची जिप्सी किंग आली, २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि ताकद ८० वर गेली. २०१९ पर्यंत जवळपास तोच पत्रा, तीच चौकट. जिप्सी ठेवणारे लोक लिटरला दहा-अकरा किलोमीटर सांगतात. लहान इंजिनाच्या मानानं हा आकडा कमीच.

तो कमी का, हे समजून घ्यायला हवं. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा त्यातल्या त्यात काटकसरीचं असतं. हलक्या पायानं चालवताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि अर्धवट बंद खिडकीतून हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते. डिझेल इंजिनाला हा त्रास फारसा नाही. त्यात फोर बाय फोरची जादा सामग्री येते. ट्रान्सफर केस, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल. दांडी टू-व्हीलवर असली तरी हब सोडलेले नसतील तर पुढचं सगळं अवजार चाकांबरोबर विनाकारण फिरत राहतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हवा. उभी काच, चौकोनी अंग. वाऱ्याला ती भिंतच.

इथं समृद्धी महामार्ग चित्रात येतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. आपल्या जिल्ह्यातून तो सुमारे ५८ किलोमीटर जातो आणि मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण प्रत्येक किलोमीटरला हवा कापण्याचा खर्च सव्वादोन पट. निमुळत्या सेडानला हे सोसतं, चौकोनी गाडीला सोसत नाही.

आता दोन्ही बाजू शेजारी मांडू. समजा, तुमची पांदण दीड किलोमीटरची आहे आणि त्या चिखलात गाडी लिटरला चारच किलोमीटर देते. जाऊन येऊन तीन किलोमीटर, म्हणजे पाऊण लिटर. आता समजा, तीच गाडी नागपूरला जाऊन येऊन दीडशे किलोमीटर पळाली. ८० च्या वेगानं चौदाचं ॲव्हरेज मिळालं तर पावणेअकरा लिटर लागतील, १२० नं दहाचं मिळालं तर पंधरा. नुसत्या वेगापायी सव्वाचार लिटर गेले. पाच-सहा वेळा वावरात जाऊन येण्याचं पेट्रोल एका दिवसात वाऱ्यावर गेलं. तरी दोष मात्र आपण फोर बाय फोरच्या दांडीला देतो.

कंपनीचा आकडा या हिशेबात कुठं बसतो? २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या मारुती जिम्नीचा अधिकृत आकडा हातानं गिअर टाकायच्या गाडीला १६.९४ आणि ऑटोमॅटिकला १६.३९ असा आहे. अशा चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होतात. गाडी रोलरवर उभी असते, ठरवून दिलेल्या वेगांनी सुमारे वीस मिनिटं चालते, कमाल वेग ताशी ९०. धुरातला कर्ब मोजून इंधन काढतात. ही चाचणी खोटी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ती उत्तम. पण तिच्यात समृद्धीचे १२० नाहीत आणि श्रावणातली पांदणही नाही.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचंही बोललं पाहिजे. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रण म्हणजे लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट मांडली होती, मिश्रणाला जुळवलेल्या नव्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. तेव्हा ॲव्हरेज घसरल्याची जुन्या जिप्सीवाल्याची तक्रार हा मनाचा खेळ नाही. त्याची नळ्या-रबरांची काळजीही रास्त आहे.

पण सहा टक्के आणखी एका वाटेनंही जातात, ती कुणाच्या लक्षात येत नाही. हौसेनं २३५/७५ चे रुंद टायर बसवतात. जिम्नीचं मूळ टायर १९५/८०, रिम १५ इंची, उंची सुमारे ६९ सेंटिमीटर. नवं टायर सव्वात्र्याहत्तर सेंटिमीटरच्या वर. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी मीटरच्या समजुतीपेक्षा जवळपास सहा टक्के जास्त पुढं जाते. मीटर तेवढा कमी दाखवतो, आणि वहीत ॲव्हरेज आपोआप घसरलेलं दिसतं. टायर जड आणि रुंद असल्यामुळं खरं नुकसान होतं ते वेगळंच. काळ्या मातीत रुंद टायर चिखलाच्या वर तरंगतं, अरुंद टायर बंडीच्या चाकासारखं कापत खाली टेकतं. आपल्या पांदणीला मला तरी कंपनीचं अरुंद टायर बरं वाटतं.

जिल्ह्यात पेट्रोलच्या फोर बाय फोरचं रोजचं काम पाहायचं तर बोरला जावं. १९७० चं अभयारण्य, २०१४ ला व्याघ्र प्रकल्प झालं, क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडणारं. जंगलात जिप्सी शोभते, कारण पेट्रोल इंजिनाचा आवाज आणि धूर डिझेलपेक्षा कमी. पण सगळी फेरी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, थांबत थांबत. ॲव्हरेजच्या दृष्टीनं याहून वाईट चाल नाही. १३०० सीसीचं इंजिन नुसतं उभं चालू ठेवलं तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं. चितळ ओरडलं की जाणता चालक चावी फिरवून इंजिन बंद करतो, वाघाचा माग कानांनी लागावा म्हणून. पेट्रोल वाचतं ते त्याच्यासोबत.

मोजायचं तर पद्धत एकच. एकाच पंपावर टाकी काठोकाठ, मीटर शून्य, पुन्हा काठोकाठ, भागाकार. पण ‘लिटरला किती किलोमीटर’ यापेक्षा ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं लिहून ठेवा. आठाचं दहा झालं तर शंभर किलोमीटरला अडीच लिटर वाचतात. अठराचं वीस झालं तर अर्ध्या लिटरहून थोडंसंच जास्त. दोन्हीकडे फरक दोनाचाच दिसतो, खिशाला मात्र तो सारखा नाही. त्यामुळं कमी ॲव्हरेजच्या गाडीत हवेचा दाब, छतावरचं रिकामं कॅरिअर आणि वेग या गोष्टींकडे दिलेलं लक्ष सर्वांत जास्त फळतं.

माझा निर्णय सरळ आहे. वर्षातून चार महिने वावर गाठायला दुसरा इलाज नसेल तर पेट्रोलची फोर बाय फोर घ्या आणि तिच्या चिखलातल्या पेट्रोलचा खेद करू नका. वर्षभर डांबरावरच चालवायची असेल तर घेऊ नका.

आणि शेवटी एक मागणं. चिखलाचा विरोध दहा पट असेल तर पांदणीवर टाकलेल्या मुरूम-खडीइतकं पेट्रोल कुठलंच यंत्र वाचवत नाही. मोटरसायकलवाल्याचं पेट्रोल वाचतं, ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल वाचतं, आणि बंडीच्या बैलांच्या खांद्यावरचा भारही हलका होतो. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली, रोजगार हमीची तिला जोड दिली होती. येत्या ग्रामसभेत आपल्या पांदणीचं नाव आराखड्यात लिहिलं गेलं आहे की नाही, एवढं उभं राहून विचारा.