दातांची शुभ्रता : दिव्याची की लेपाची?

१९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरसारख्या वाढत्या शहरांत दात शुभ्र करण्याचे उपचार आता सर्वपरिचित झाले आहेत. दंतवैद्याकडे बसून करावयाच्या या उपचाराचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात केवळ औषधी लेप लावला जातो. दुसऱ्यात त्या लेपावर निळसर दिव्याचा अथवा लेसरचा प्रकाश सोडला जातो. दुसऱ्या प्रकारास बहुधा अधिक खर्च येतो. तो खर्च सार्थकी लागतो काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दोन्ही पद्धतींत काम करते ते हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचे प्रमाण सामान्यतः २५ ते ४० टक्के असते. त्यातून मुक्त होणारा क्रियाशील प्राणवायू दाताच्या कठीण आवरणातून आत शिरतो व रंगद्रव्यांचे विघटन करतो. लेप तीव्र असल्याने प्रथम हिरड्यांना संरक्षक थर द्यावा लागतो.

दिव्याने ही क्रिया जलद होते, अशी कल्पना आहे. तथापि दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करता, दिव्यामुळे अंतिम शुभ्रतेत लक्षणीय भर पडत नाही, असे आढळते. उपचारानंतर लगेच दिसणारी शुभ्रता काही अंशी दात कोरडे पडल्यामुळे असते. लाळेने दात ओले होताच ती ओसरते. शिवाय दिव्याने उष्णता वाढू शकते. १९६५ साली झॅक व कोहेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दातांतील मज्जेचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढताच काही दातांच्या मज्जेस कायमची इजा झाली होती. दात शिवशिवणे हा त्रास दोन्ही पद्धतींत संभवतो. तो बहुधा काही दिवसांत कमी होतो.

कृत्रिम टोपी व भरलेले सिमेंट मात्र कोणत्याही पद्धतीने उजळत नाही. चहा, तंबाखू व मिशरी यांचे वरवरचे डाग तर बहुतांशी साध्या दंतस्वच्छतेनेच निघतात. म्हणून प्रथम नोंदणीकृत दंतवैद्याकडून कीड व हिरड्यांची तपासणी करून घ्यावी.

दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी असली तरी मिशरीची सवय अद्याप मोडलेली नाही. शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावोगावी सांगावयाची गोष्ट हीच की, तंबाखू वापरणाऱ्याच्या तोंडातील पांढरा चट्टा अथवा न भरणारी जखम ही दातांच्या डागांहून कितीतरी अधिक गंभीर बाब असून तिची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे.