डोंगरात जाताना पाणी पिणं टाळू नका

गेल्या हिवाळ्यात वस्तीतल्या मुली-बायकांना घेऊन आम्ही वासोट्याला गेलो. साताऱ्याहून बामणोली, तिथून शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोट, मग कोयनेच्या अभयारण्यातली चढण. अर्ध्या वाटेवर एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. बाटली भरलेलीच! "लघवीला कुठं जायचं, म्हणून प्यायलेच नाही," म्हणाली. विचारलं तर आणखी चौघींनी तेच केलेलं. तिला सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले, शुद्धीत आहे बघून घोट घोट पाणी दिलं. वर न नेता तिला परत फिरवलं, दोघी तिच्यासोबत थांबल्या.

बायकांची ही अडचण खरी आहे, म्हणून ती आधीच धरून चालावं. बोटीत बसण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन यावं. जंगलात दोघींनी मिळून, एकीनं ओढणी धरून, ओढ्यापासून लांब. पाळी असेल तर जादा पॅड आणि वापरलेले परत आणायला पिशवी. पाणी माणशी तीन लिटर. त्यातल्या एका लिटरात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी चढू नये, खिशात गूळ ठेवावा. बीपीची गोळी सहलीच्या दिवशीही घ्यायचीच.

वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात वाट बंद असते. मुक्काम करता येत नाही, म्हणून परतीच्या बोटीची वेळ नावाड्याशी आधी पक्की करा आणि ती गाठता येईल अशा बेतानं, गड अर्धा राहिला तरी, मागे फिरा.