मंदसोरचा तह : कलमे आणि त्यांचा अर्थ

महिदपूरची लढाई इंदूरकरांच्या स्मरणात असते. तिच्यानंतर सोळाव्या दिवशी झालेला तह मात्र फारसा कोणी वाचीत नाही. वास्तविक आपले शहर राजधानी झाले ते त्या तहामुळे.

२० डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी होळकरांच्याच सैन्यातील पठाण सरदारांनी राज्यकारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा वध केला. दुसऱ्याच दिवशी सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. गादीवर होते दुसरे मल्हारराव, वय अवघे अकरा वर्षांचे. त्यांच्या वतीने वाटाघाट केली तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांनी. समोर होते माल्कम. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला.

तहाच्या कलमांचा आरंभ मैत्रीच्या गोड भाषेने होतो, पण खरा मजकूर पुढे आहे. उदेपूर, जयपूर, जोधपूर, कोटा, बुंदी या रजपूत राज्यांकडून येणाऱ्या खंडणीवरील हक्क होळकरांनी सोडावा. अमीरखानाला इंग्रजांनी दिलेला मुलूख त्याचाच मानावा. सातपुड्याच्या दक्षिणेकडील सर्व प्रदेश, सेंधव्याच्या किल्ल्यासह, कंपनीस द्यावा. यात खानदेश गेला, अंबड गेले आणि वेरूळही गेले. ज्या वेरूळात अहिल्याबाईंनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, ते ठिकाण त्यांच्याच घराण्याच्या हातून एका ओळीने सुटले. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांनी आडनाव घेतले, त्यांच्या राज्याची सीमा आता सातपुडा झाली.

याखेरीज होळकरांनी जादा फौज मोडावी, तीन हजार घोडेस्वार मात्र कंपनीच्या साहाय्यास सज्ज ठेवावेत. परराज्यांशी परस्पर व्यवहार करू नये. युरोपियन वा अमेरिकन मनुष्य इंग्रजांच्या संमतीवाचून नोकरीस ठेवू नये. बदल्यात राज्याचे रक्षण कंपनी करील, आणि महाराजांच्या आप्तांशी व प्रजेशी ती काही संबंध ठेवणार नाही, महाराज त्यांचे पूर्ण धनी राहतील. दरबारी इंग्रज वकील राहावयाचा, ही तरतूदही त्याच कागदात आहे. घरच्या कारभारात हात न घालण्याचे वचन आणि दारात बसलेला रेसिडेंट, यांतील कोणते कलम बलवत्तर ठरले हे रेसिडेन्सी पाहिलेल्या इंदूरकरास सांगावयास नको.

एक कलम विशेष विचार करण्यासारखे आहे. पेशव्यांना किंवा त्यांच्या वंशजांना होळकरांवर अधिराज्याचा हक्क सांगू देणार नाही, अशी हमी इंग्रजांनी दिली. त्या दिवशी बाजीराव अद्याप मुलूखभर फिरत होता. कोरेगावची लढाई होऊन पाच दिवस झाले होते. ३ जून रोजी तो शरण आला, तोही माल्कमलाच. अर्थात जे नाते तुटतच होते ते तोडण्याची हमी होळकरांना मिळाली. दोन मराठी सत्तांना वेगवेगळे कागद करावयास लावण्यातच इंग्रजांचे खरे कौशल्य होते.

मध्ययुगाच्या आरंभी, इ. स. ५६२ मध्ये, बायझंटाईन सम्राट जस्टिनियन आणि इराणचा खुस्रो यांच्यात पन्नास वर्षांचा तह झाला होता. ग्रीक व फारसी मसुदे शब्दशः ताडून पाहण्यात आले, आणि शांततेसाठी सम्राटाने दर वर्षी तीस हजार सुवर्णनाणी देण्याचे कबूल केले. दहा वर्षांतच युद्ध पुन्हा पेटले. तेथे दोन्ही पक्ष तह मोडण्याइतके बलवान होते. मंदसोरच्या तहास मुदत नव्हती आणि तो मोडण्याचे बळही एका पक्षाजवळ उरले नव्हते.

मग तात्या जोगांनी राज्य विकले काय? असे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. १८०५ मध्ये बियासच्या काठी यशवंतराव होळकरांशी तह करताना इंग्रजांना पुष्कळ सोडावे लागले होते, कारण यशवंतराव फौजेसह उभे होते. १८११ मध्ये ते वारले. तात्यांजवळ उरले होते एक अज्ञान राजपुत्र, फुटलेली फौज आणि रिकामा खजिना. त्यांनी गादी वाचवली, राजधानी इंदूरला आणली आणि कारभाराची घडी बसवली. महूची छावणीही १८१८ चीच. तेथेच १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला.

बाराव्या कलमाने गफूरखानास जावरा, ताल, मल्हारगड आदी महाल मिळाले. महिदपूरच्या रणांगणावर त्याने दगा दिला, असा आरोप त्याच्यावर आहे. होळकरांच्या राज्यातून असे कापून काढलेले जावरा संस्थान आणि खुद्द होळकरांचे इंदूर, ही दोन्ही १९४८ च्या मे महिन्यात मध्य भारत संघात एकाच वेळी विलीन झाली.