दानातला पाय आणि तरफेचा धडा

कृत्रिम पाय बसविण्याचे शिबिर संपते, मांडव उतरतो आणि दाते समाधानाने घरी परततात. त्यानंतरचा इतिहास क्वचितच कोणी विचारतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत पायाचा उरलेला भाग आकसतो. आधीच्या मापाने घडविलेले सॉकेट सैल होते, कातडी घासते, जखम होते. अखेर तो पाय माळ्यावर जातो आणि माणूस पुन्हा कुबड्या घेतो. दान वाया जात नाही. ते अर्ध्या वाटेवर थांबते.

असा रुग्ण प्रथम भेटतो तो गावच्या डॉक्टरांना. जखमेवर मलम लावणे सोपे आहे. भार चुकीच्या जागी पडतो आहे हे ओळखणे अवघड. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायात शरीराचा भार हाडाच्या टोकावर येऊ द्यायचा नसतो. तो मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर आणि भोवतालच्या सोसू शकणाऱ्या भागांवर वाटून द्यायचा असतो. हे वैद्यक आहे, तितकीच अभियांत्रिकीही आहे.

साध्या काठीचे उदाहरण घ्यावे. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. एका पायावर उभे राहताना खुबा हा तरफेचा टेकू असतो. शरीराचे वजन टेकूपासून दूर, तर तोल सांभाळणारे स्नायू जवळ असतात. म्हणून स्नायूंना फार जोराने ओढावे लागते आणि सांध्यावर वजनाच्या दुपटीहून अधिक दाब येतो. विरुद्ध हातातील काठी टेकूपासून दूर असल्यामुळे थोड्या जोरातही हा दाब बराच उतरतो. शाळेत शिकलेली तरफ येथे रुग्णाची वेदना कमी करते.

जयपूर फूटचा जन्मही अशाच संगमातून झाला. १९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय घडविला की, अनवाणी चालता यावे, मांडी घालता यावी, चिखलात उतरता यावे. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि तो पाय गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी याच समितीसोबत स्वस्त ‘जयपूर नी’ विकसित केला. २००९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. वर्गातला अभ्यास थेट रुग्णाच्या गुडघ्यापर्यंत गेला.

महाराष्ट्रातही ही वाट मळू लागली आहे. आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’ केंद्राच्या शिबिरांत डॉक्टर, अभियंते आणि रचनाकार एकत्र बसतात, रुग्णालयातील अडचण निवडतात आणि काही दिवसांत उपकरणाचा कच्चा नमुना तयार करतात. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पुनर्वसन वैद्यकाला आणि कृत्रिम अवयवांच्या ओळखीला स्थान आहे. उणीव आहे ती हाताने शिकण्याची.

जालन्याला ही संधी सहज मिळण्याजोगी आहे. २०२४ मध्ये येथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून येथे आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि पोलादाच्या कारखान्यांतील कसबी हात आहेत. जयपूर फूटच्या नळीसाठी वापरले जाणारे एचडीपीई प्लास्टिक रसायन अभियंत्यांच्या रोजच्या अभ्यासातले. भावी डॉक्टर आणि भावी अभियंते यांनी एकाच टेबलावर एकाच रुग्णाचे सॉकेट तपासावे, चूक कोठे आहे ते शोधावे आणि दुरुस्त करून त्याला चालताना पाहावे. अशा एका दुपारी जे कळेल, ते अनेक व्याख्यानांतून कळणार नाही.

समाजातील दात्यांनाही येथे काम आहे. शिबिराच्या खर्चातच सहा महिन्यांनंतरच्या फेरतपासणीची तरतूद करावी, तिची तारीख शिबिराच्या दिवशीच रुग्णाच्या हाती द्यावी आणि त्या दिवशी या विद्यार्थ्यांना आमंत्रण द्यावे. माळ्यावरचा पाय खाली उतरून पुन्हा शेताच्या बांधावर चालू लागेल, तेव्हाच ते दान पूर्ण झाले असे म्हणता येईल.