बेकारी व दारिद्र्य : भारतातील प्रादेशिक तफावत

विकसनशील देशात बेकारी व दारिद्र्य सर्व भागांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. काही प्रदेशांत ती पिढ्यान्‌पिढ्या साठून राहतात, तर काही प्रदेशांत त्यांची तीव्रता तुलनेने लवकर कमी होते. या फरकास प्रादेशिक तफावत किंवा प्रादेशिक विषमता असे म्हणतात. भारतासारख्या खंडप्राय देशात ही तफावत राज्याराज्यांत, एकाच राज्याच्या विभागांत व जिल्ह्याजिल्ह्यांतही दिसून येते. जेथे बेकारी अधिक तेथे दारिद्र्यही अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भारतातील पाहण्यांवरून मात्र ती खरी ठरत नाही. दारिद्र्याचे प्रमाण मोठे असलेल्या अनेक राज्यांत नोंदलेली बेकारी अल्प असते, तर दारिद्र्य बरेचसे ओसरलेल्या काही राज्यांत ती देशात सर्वाधिक असते. कोणता प्रदेश मागासलेला मानावयाचा व शासकीय मदत कोठे वळवावयाची, हे निवडलेल्या मापावर अवलंबून असल्यामुळे या विसंगतीस केवळ तात्त्विक नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

मापन : दारिद्र्याचे मापन प्रथम उपभोग-खर्चाच्या आधारे करण्यात आले. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दररोज दरडोई २,२५० उष्मांक देणारा आहार हा निकष धरला आणि १९६०–६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक त्याखाली असल्याचे दाखविले. योजना आयोगाच्या कृती गटाने १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० उष्मांक हे प्रमाण स्वीकारले. लकडावाला तज्ञ गटाने (१९९३) प्रत्येक राज्यातील किंमती विचारात घेऊन राज्यवार दारिद्र्यरेषा सुचविल्या. तेंडुलकर तज्ञ गटाने (२००९) केवळ उष्मांकांवरील भर सोडून शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चाचाही समावेश केला. अलीकडे पोषण, शालेय शिक्षण, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, घर, वीज इत्यादींचा अभाव एकत्रित मोजणारा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकही वापरात आला असून नीती आयोगाने २०२१ व २०२३ मध्ये त्यावर आधारलेले राज्यवार व जिल्हावार अहवाल प्रसिद्ध केले.

बेकारीचे मापन याहून अवघड आहे. पाश्चात्त्य औद्योगिक देशांत बहुसंख्य श्रमिक वेतनावर काम करीत असल्याने ‘काम आहे’ व ‘काम नाही’ असा स्पष्ट भेद करता येतो. भारतातील बहुसंख्य श्रमिक घरची शेती, लहान व्यवसाय वा रोजंदारी यांवर जगतात. त्यामुळे बेकारीचा एकच आकडा काढणे दिशाभूल करणारे आहे, असा निष्कर्ष दांतवाला समितीने १९७० मध्ये काढला. तिच्या शिफारशींना अनुसरून १९७२–७३ पासूनच्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांत तीन मापे योजण्यात आली : वर्षातील बहुतेक काळ व्यक्ती काय करीत होती हे पाहणारी ‘नेहमीची स्थिती’, आठवड्यात एक तासही काम मिळाले किंवा कसे हे पाहणारी ‘साप्ताहिक स्थिती’ आणि आठवड्यातील प्रत्येक दिवसाच्या कामाचा हिशेब मांडणारी ‘दैनिक स्थिती’. पहिल्या मापाने सर्वसाधारणपणे दीर्घकालीन, उघड बेकारीच कळते. हंगामी बेकारी व अर्धबेकारी तिसऱ्या मापात अधिक चांगली उतरते. २०१७–१८ पासून नियतकालिक श्रमबल पाहणीद्वारे ही आकडेवारी गोळा केली जात आहे.

तफावतीचे स्वरूप : निवडक राज्यांची स्थिती पुढील कोष्टकावरून स्पष्ट होईल. पहिल्या स्तंभात तेंडुलकर पद्धतीने काढलेले दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण, दुसऱ्यात बहुआयामी दारिद्र्याचे प्रमाण व तिसऱ्यात १५ वर्षे व त्यांवरील वयाच्या श्रमबलातील बेकारीचा नेहमीच्या स्थितीनुसार दर दिला आहे.

| राज्य | दारिद्र्य, २०११–१२ (टक्के) | बहुआयामी दारिद्र्य, २०१९–२१ (टक्के) | बेकारी, २०२३–२४ (टक्के) |
|---|---|---|---|
| झारखंड | ३७.० | २८.८ | १.३ |
| बिहार | ३३.७ | ३३.८ | ३.० |
| मध्य प्रदेश | ३१.७ | २०.६ | १.० |
| महाराष्ट्र | १७.४ | ७.८ | ३.३ |
| केरळ | ७.१ | ०.६ | ७.२ |
| गोवा | ५.१ | ०.८ | ८.५ |
| भारत | २१.९ | १५.० | ३.२ |

कालखंड व पद्धती भिन्न असल्याने तिन्ही स्तंभांची परस्परांशी काटेकोर तुलना करता येत नाही; परंतु त्यांची दिशा स्पष्ट आहे. दारिद्र्याचा पट्टा मुख्यत्वे पूर्व व मध्य भारतात, म्हणजे बिहार, झारखंड, ओडिशा, छत्तीसगढ, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या राज्यांत पसरलेला आहे. नोंदलेल्या बेकारीचा उच्च दर मात्र केरळ, गोवा यांसारख्या सुशिक्षित व तुलनेने सधन राज्यांत आढळतो.

विसंगतीची मीमांसा : बेकार राहण्यासाठीही काही आधार लागतो. घरात बचत, मिळवती व्यक्ती किंवा परगावाहून येणारा पैसा असेल, तरच मनाजोगे काम मिळेपर्यंत थांबता येते. केरळात १९७० पासून अंमलात आलेल्या जमीन सुधारणांमुळे कुळांना जमिनीचा व झोपडीवासी भूमिहीनांना राहत्या जागेचा हक्क मिळाला. साक्षरतेचे प्रमाण २०११ मध्ये सु. ९४ टक्क्यांवर पोहोचले. १९७० नंतरच्या दशकात आखाती देशांत गेलेल्या श्रमिकांनी पाठविलेल्या पैशाने कुटुंबांचा उपभोग वाढला. अशा कुटुंबातील पदवीधर मुलगा वा मुलगी शिक्षणास अनुरूप नोकरीची वाट पाहू शकते व पाहणीत तिची नोंद ‘बेकार’ अशी होते. त्याच वेळी बांधकाम व अन्य अंगमेहनतीच्या कामांसाठी बंगाल, आसाम, ओडिशा व बिहार येथील मजूर केरळात येतात. २०२१–२२ मध्ये ग्रामीण भागातील पुरुष शेतमजुराची सरासरी दैनिक मजुरी केरळात सु. ७२७ रु., तर मध्य प्रदेशात सु. २१८ रु. होती.

याउलट बिहारमधील भूमिहीन मजुरास किंवा अल्पभूधारकास एक दिवसही रिकामे राहणे परवडत नाही. चौघांना पुरेल एवढ्या शेतावर सहा जण राबतात, मिळेल त्या मजुरीवर काम पत्करले जाते व घरच्या धंद्यात विनावेतन राबणारी स्त्रीही ‘रोजगारात’ मोजली जाते. ही प्रच्छन्न बेकारी होय. तिचे माप बेकारीच्या दरात उमटत नाही. ते अल्प उत्पन्न, कुपोषण व स्थलांतर यांत उमटते. म्हणून अशा प्रदेशात बेकारीचा अल्प दर हा समृद्धीचा नव्हे, तर निरुपायाचा निदर्शक असू शकतो. सर्वच अल्प दरांना मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. औद्योगिक दृष्ट्या पुढारलेल्या गुजरातमध्येही २०२३–२४ मध्ये हा दर सु. १.१ टक्के होता.

कारणे : (१) ऐतिहासिक : बंगाल व बिहारच्या मोठ्या भागांत १७९३ मध्ये कायमधारा पद्धती लागू झाली. तीत जमीनदार व कूळ यांच्यामध्ये मध्यस्थांची साखळी निर्माण होऊन शेतीसुधारणेत भांडवल घालण्याची प्रेरणा खुंटली. मुंबई व मद्रास इलाख्यांच्या बऱ्याच भागांत रयतवारी असल्याने तेथील परिस्थिती काहीशी वेगळी राहिली. आधुनिक उद्योग मुंबई, कलकत्ता व मद्रास या बंदरांभोवती एकवटले. (२) नैसर्गिक : उत्तर बिहारातील कोसीसारख्या नद्यांचे पूर, दख्खनच्या पर्जन्यछायेतील अवर्षण व डोंगराळ प्रदेशांची दुर्गमता यांमुळे उत्पन्न अस्थिर राहते. (३) धोरणात्मक : १९५६ पासून पोलादासाठी वाहतूकभाड्याचे समानीकरण करण्यात आले. त्यामुळे खाणींच्या प्रदेशांचा स्थानिक लाभ नाहीसा झाला व दूरच्या राज्यांना कच्चा माल त्याच किंमतीस मिळू लागला. १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण रद्द झाले, तोवर उद्योगांची स्थाने बव्हंशी निश्चित झाली होती. १९६६–६७ पासूनच्या हरितक्रांतीचा आरंभीचा लाभ सिंचनाची सोय असलेल्या पंजाब, हरयाणा व पश्चिम उत्तर प्रदेश यांना मिळाला. १९९१ नंतर खाजगी भांडवल रस्ते, वीज व कुशल श्रमिक उपलब्ध असलेल्या राज्यांकडेच अधिक वळले. (४) सामाजिक : अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती व भूमिहीन यांची वस्ती जेथे दाट, तेथे दारिद्र्य अधिक चिवट असते. खनिजसंपन्न झारखंड याचे उदाहरण होय. प्रदेशाची संपत्ती व तेथील रहिवाशांचे उत्पन्न या भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्रातील विषमता : दरडोई उत्पन्नात अग्रेसर गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्रातही अंतर्गत तफावत मोठी आहे. मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यात उद्योग व सेवा एकवटल्या असून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम व धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हे जिल्हे २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात समाविष्ट झाले. ही तफावत बेकारीच्या आकड्यांपेक्षा श्रमिकांच्या हालचालींवरून अधिक ठळकपणे कळते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाचे काही महिने ही माणसे रोजगारात असतात व उरलेल्या काळात बहुधा कोरडवाहू शेतीत गुंतलेली असतात. म्हणून ती बेकारांत सहसा मोजली जात नाहीत. पण त्यांचे कर्ज फिटत नाही व मुलांच्या शाळेत खंड पडतो.

विभागीय असमतोलाच्या तपासणीसाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, वीज इ. क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा प्रत्येक जिल्हा किती मागे आहे, हे समितीने मोजले व या तुटीस ‘अनुशेष’ ही संज्ञा रूढ झाली. संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदानुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही २०१३ मध्ये या प्रश्नावर अहवाल सादर केला. अनुशेषाच्या पद्धतीने सोयींची तूट मोजता येते. त्या सोयींमुळे कोणास काम व किती उत्पन्न मिळाले, हे तीवरून कळत नाही.

उपाययोजना : केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या निधीचे वाटप हा पहिला उपाय होय. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून (१९६९–७४) लागू झालेल्या गाडगीळ सूत्रानुसार योजना-साहाय्याचा ६० टक्के भाग लोकसंख्येच्या व १० टक्के भाग राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्नाच्या आधारे वाटला जाई. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या कालावधीसाठी राज्याच्या उत्पन्नातील तुटीस ४५ टक्के भारांक दिला. या दोहोंपैकी कोणत्याही सूत्रात बेकारीच्या दरास स्वतंत्र भारांक नाही.

दुसरा उपाय रोजगाराच्या हमीचा. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्यास व्यापक रूप आले व १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेचा खर्च व्यवसाय करासारख्या, मुख्यतः शहरांतून जमणाऱ्या करांतून भागविण्यात आल्याने मुंबईचा पैसा दुष्काळी तालुक्यांतील मजुरांपर्यंत पोहोचला. २००५ च्या राष्ट्रीय अधिनियमाने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवस कामाची हमी दिली. ती २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत व २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाली. मात्र तमिळनाडू, राजस्थान यांसारख्या सक्षम प्रशासनाच्या राज्यांत या हमीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा अधिक गरीब असलेल्या बिहारमध्ये झाला नाही. गरज जेथे सर्वाधिक तेथे ती मागण्याची व पुरविण्याची यंत्रणा दुर्बल, ही प्रादेशिक विषमतेतील मूलभूत अडचण आहे.

मूल्यमापन : बेकारी व दारिद्र्य ही एकाच रोगाची दोन नावे नसून त्यांवरील उपायही भिन्न आहेत. केरळ, गोवा यांसारख्या राज्यांत शिक्षणास अनुरूप रोजगार निर्माण करणे, तर पूर्व व मध्य भारतात आहे त्या कामाची उत्पादकता व मजुरी वाढविणे ही मुख्य निकड आहे. नेहमीच्या स्थितीतील बेकारीचा दर हाच एकमेव निकष मानल्यास सर्वांत गरीब प्रदेश मदतीच्या यादीतून वगळले जाण्याचा धोका संभवतो. केवळ दारिद्र्यरेषेवर भिस्त ठेवल्यास सुशिक्षितांची बेकारी दृष्टिआड होते. म्हणून दोन्ही मापे मजुरीचे दर, कामाचे दिवस व स्थलांतर यांच्या जोडीने, शक्य तेथे जिल्हावार पाहणे इष्ट ठरते.